जावेचा शेक

जावा जावा, उभा दावा, असं म्हणतात. पुणतांब्याच्या लंकाबाईला ही म्हण कुणी ऐकवली तर ती म्हणायची, दाव्याला दोघी लागतात, इथं मी एकटीच भांडते आणि ती नुसती लोळते. त्यात खोटं काही नव्हतं. धाकटी जाऊ छबू बाळंत झाल्यापासून बाजेवरच होती, आणि लंकाबाईचं सगळं लक्ष दिवसभर त्या बाजेवर होतं.

छबूला आई नव्हती. म्हणून पहिलंच बाळंतपण असूनही ती माहेरी गेली नाही. सासूनं, गोजरबाईनं, चारचौघांत सांगितलं, "पोरीला आई न्हाई तर काय झालं, मी हाय की." आता 'मी हाय' म्हणणारी ही बाई करायची काय, तर ओसरीवर बसून हुकूम सोडायची. हंडा तापवायचा लंकानं, शेगडीत निखारे भरायचे लंकानं. ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, पोराची दुपटी, सगळं लंकानं. वर मुलगा झाला होता. त्याचे पेढे लंकानंच दारोदार वाटले, हसतमुखानं. घरी येऊन तोंड धुतलं तेव्हा कुठं ते हसू उतरलं.

लंकाचं माहेर अकोले तालुक्यातलं, डोंगरातलं. तिलाही एकदा मूल झालं होतं. तिकडेच, माहेरी. दुसऱ्या दिवशी ते गेलं. बाहेर भाताची आवणी चाललेली, घरात कुणाला उसंत नाही, आणि मूलच नाही तर बाळंतीण कसली, म्हणून लंका ओल्या अंगानं चिखलात उतरली. सासरी परत आली तेव्हा तिला वाटलं, सासू तरी चार दिवस पाठीवर कढत पाणी घालील. गोजरबाई म्हणाली, "लेकरू न्हाई, तर शेक कशाचा?" नंतर तिची कूस पुन्हा उजवली नाही. ते बोलणं मात्र मनातून गेलं नाही, आणि थंडीत कंबर धरली की तिला पहिल्यांदा तेच आठवायचं.

आणि आता तीच सासू धाकटीसाठी हंड्यावर हंडे उतरवायला लावत होती. लंकाचा जळफळाट होणार नाही तर काय होईल? ती काही संत नव्हती, आणि तसा तिचा दावाही नव्हता.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग छबू म्हणायला लागली, पायाला मुंग्या येतात. मग म्हणाली, धुरकट दिसतं. एके दिवशी न्हाणीतून बाहेर येताना तिचे पाय लटपटले आणि ती उंबऱ्यावरच बसली. गोजरबाईनं तिथल्या तिथं निदान केलं. "वारं शिरलं अंगात. लंके, पानी अजून कढत कर. शेगडी दोन्ही येळेला लाव." पाणी कढत झालं, शेगडी दोन्ही वेळेला लागली, आणि छबू दोन्ही वेळेला पडायला लागली. ती जितकी पडे तितका शेक वाढे. लंकानंही निखारे घालताना हात आखडला नाही. सासूचाच हुकूम होता, आणि भाजलं तर भाजू दे, असंही एकदोनदा तिच्या मनात आलं.

या सगळ्यात तिला सोसवत नसे ते मच्छिंद्राचं वागणं. मच्छिंद्र म्हणजे छबूचा नवरा, लंकाचा धाकटा दीर. तो मळ्यातली मोटार तशीच चालू सोडून यायचा आणि बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसायचा. दिवसाढवळ्या, आईच्या देखत. लंकाचा नवरा भिमाजी तिच्या फणफणत्या तापातही 'च्या टाकतीस का' एवढंच विचारत आलेला माणूस. ती मांडी आणि ते डोकं बघितलं की लंकाच्या पोटात आग पडायची.

हे सोंग आहे, अशी तिची खात्री झाली. आणि सोंग पकडायचं म्हणून तिनं डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. छबू पहाटे थंडीत उठते तेव्हा धड चालते. पोराचं दुपटं कुठं पडलंय ते तिला लांबून दिसतं. आंघोळ झाली की दोन बायांनी धरल्याशिवाय ती उठत नाही. शेगडीजवळ निजली की समोर कोण उभंय ते तिला ओळखू येत नाही. आणि शेगडी विझून घटकाभर गेली की बाई पुन्हा जशीच्या तशी. आता कोणतं दुखणं असं घड्याळ लावून येतं? लंकानं हे भिमाजीला सांगितलं. तो कुशीवर वळून म्हणाला, "तुजं काय जातंय?"

तिचं काय जात होतं ते तिलाच ठाऊक. एकदा सोंग उघडं पडलं की मच्छिंद्र मळ्यात जाईल, सासू बाजेजवळून हलेल, आणि या घरात थोरली कोण हे सगळ्यांना आठवेल. तिला तेवढंच हवं होतं, पण ते अगदी जिवापासून हवं होतं.

राहात्याच्या डॉक्टरनं सुया टोचून पाहिल्या आणि शेवटी हात टेकले. नगरला न्या, म्हणाला. तिथल्या एका दवाखान्यात मेंदूचं शिकून आलेली बाई आहे. बरोबर कोण जाणार हा विषय निघाला तेव्हा गोजरबाईचं वाक्य पुरं व्हायच्या आत लंका म्हणाली, "मी येते." गोजरबाईचे डोळे भरून आले. थोरलीची माया बघा, असं ती गाडीत शेजारच्या बाईला सांगत होती. लंकानं खिडकीबाहेर तोंड केलं. पाकिस्तानची लढाई नुकतीच संपली होती. नगर स्टेशनावर भिंगारच्या लष्करी छावणीत परतणाऱ्या जवानांची गर्दी होती, आणि त्या गर्दीतून मच्छिंद्रानं बायकोला दोन्ही हातांवर उचलून नेलं. लोक वळून बघत होते. पोराला घेऊन मागून चालणाऱ्या लंकाकडे कुणी बघितलं नाही.

डॉक्टरीणबाईंचं नाव लीना. पातळावर पांढरा कोट, आवाज हळू, वय फार नाही. त्यांनी छबूच्या डोळ्यांत बत्ती मारून पाहिली, गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, आणि मग सगळ्यांना विचारलं, "हे कधी होतं?"

"सारखंच हुतं," गोजरबाई म्हणाली.

"रातीचं जास्ती," मच्छिंद्र म्हणाला.

"मला काय कळत न्हाई बाई," छबू म्हणाली आणि रडायला लागली. मच्छिंद्रानं लगेच तिच्या पाठीवर हात ठेवला.

तो हात बघून लंकाला राहवलं नाही. "मी सांगते. अंगावर कढत पानी पडलं की हुतं. येरवी न्हाई."

"लंके," गोजरबाई म्हणाली.

"बोलू द्या त्यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी हातोडी खाली ठेवली. "पुढं सांगा."

लंकानं सांगितलं. आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून साठलेलं सगळं बाहेर आलं. पहाटे कशी चालते, आंघोळीनंतर कशी पडते, शेगडीजवळ काय दिसत नाही, शेगडी विझल्यावर काय दिसतं. "येक दिस लाकडं वली हुती, पानी तापलंच न्हाई. कोमट्यानं न्हाली. त्या दिशी चांगली भिताडाला न धरता गेली बाजेवर. म्हंजे बघा. कढत पानी मिळालं की नखरा, न्हाई मिळालं की बरी. उजवा डोळा आदी जातो, मंग डावा. डाव्या पायातली चप्पल निसटती अन् हिला पत्ता नसतो. लग्नाच्या साली बी येकदा म्हनली हुती, उजव्या डोळ्यानं दिसंना. मळनीचं काम निघालं हुतं तवा. मंग झाली आपसुक बरी."

डॉक्टरीणबाई खुर्ची पुढं ओढून बसल्या. त्यांनी लंकाला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि लंका न अडखळता उत्तरं देत गेली. शेवटी त्या म्हणाल्या, "घरात एवढ्या बारकाईनं हिच्याकडे फक्त तुम्ही पाहिलंत."

गोजरबाईनं पदर डोळ्यांना लावला. लंका फिर्याद घेऊन आली होती, आणि फिर्यादीचं कौतुक व्हायला लागलं होतं.

डॉक्टरीणबाई तिला आणि मच्छिंद्राला आपल्या खोलीत घेऊन गेल्या. फळीवर दोन मोठ्या काचेच्या बरण्या होत्या. पाण्यासारख्या औषधात एकेक जाडसर चकती बुडवून ठेवलेली. लंका दोन पावलं मागं सरकली.

"बकऱ्याचा भेजा असतो, तसंच हाय की," मच्छिंद्र म्हणाला.

"माणसाचा आहे. ही माणसं गेल्यावर घरच्यांच्या परवानगीनं ठेवलाय, अभ्यासाला. कडेनं करडा भाग दिसतो ना, तिथं विचार चालतो. आतला हा पांढरा भाग म्हणजे सगळ्या वायरी. डोळ्याचं मेंदूला पोचवायचं, मेंदूचं पायाला पोचवायचं. तुमच्या विहिरीवर मोटार आहे?"

"हाय. साडेसात हार्सपावरची."

"तिच्या वायरीवर रबर असतं. तसं या वायरींवरही एक आवरण असतं, पांढरं. आता ही दुसरी बरणी बघा."

दुसऱ्या बरणीतल्या पांढऱ्यात करडे डाग होते. कपड्यावर कसर लागते तसे, इथं एक, तिथं एक.

"इथं आवरण गेलंय. वायर उघडी पडली की करंट कसाबसा जातो. आणि अंग तापलं की तेवढाही जात नाही. थंड झालं की पुन्हा जायला लागतो. छबूच्या मेंदूत असंच असावं, असं मला वाटतंय."

"वाटतंय? बघून सांगा की," लंका म्हणाली.

"जिवंत माणसाचा हा पांढरा भाग बघता येत नाही हो. हाडाचा फोटो निघतो, याचा नाही निघत. निघेल कधीतरी, पण आज नाही. आज बाहेरूनच ओळखायचं." त्यांनी दोन्ही बरण्या जवळजवळ सरकवल्या. "आणि निरोगी शेजारी ठेवल्याशिवाय आजारी ओळखू येत नाही."

मच्छिंद्रानं विचारलं, हे बरं होतं का. त्या म्हणाल्या, सूज उतरवायला इंजेक्शनं देऊ, उतार पडेल. पण हा आजार जातो आणि पुन्हा येतो. खात्रीचं औषध अजून नाही. मच्छिंद्र तिथंच खाली बसला.

आता लंकाला वाईट वाटायला हवं होतं. तसं ते वाटलंही, अगदी थोडं. पण त्याच्यावर लगेच दुसरंच काहीतरी येऊन बसलं. आजारसुद्धा हिला व्हावा तर असा, की ज्यासाठी काचेच्या बरण्या मांडतात, पांढऱ्या कोटाच्या बाया खुर्ची पुढं ओढतात. आपली कंबर मोडून गेली तर भिमाजी राहात्याला सुद्धा नेणार नाही. आणि आजार खरा असेल तर ती मांडी आणि ते डोकं जन्मभराचं झालं. नाही. सोंगच असायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. घरी जसं पाणी घालता तसंच इथं घालायचं, मी बघते, म्हणाल्या. दवाखान्याच्या न्हाणीत पाट मांडला, वाफाळत्या पाण्याची बादली आली. पाणी घालायला लंकाच होती, गोजरबाई भिंतीशी उभी. छबू उघड्या पाठीनं बसलेली, हाडं दिसत होती. लंकानं तांब्या भरला. आता सापडणार, असं ती मनाशी म्हणाली.

पाण्याच्या आधी डॉक्टरीणबाईंनी छबूच्या दोन्ही तळव्यांवरून किल्लीचं टोक टाचेकडून वर ओढलं. अंगठे खाली वळले. डोळ्यांसमोर बोटं धरली, छबूनं बरोबर मोजली. मग लंका एकामागून एक तांबे ओतत गेली. बादली अर्धी झाली तोवर छबूची मान हलायला लागली होती.

"किती बोटं?"

"कुटं हायती बोटं?" छबूनं विचारलं.

"बघा," लंका म्हणाली. "बघा, लागली सोंग करायला."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा किल्ली घेतली आणि डाव्या तळव्यावरून ओढली. या खेपेला अंगठा सावकाश वर गेला, आणि बाकीची बोटं पसरली. त्यांनी पुन्हा ओढली. अंगठा पुन्हा वर.

"हे मनानं करता येत नाही," त्या लंकाला म्हणाल्या. "डोळे खोटं सांगतील, पाय लटपटवता येतील. अंगठ्याला सोंग येत नाही."

छबूला उचलून बाकावर बसवलं, पातळ गुंडाळलं, ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं. लंका तांब्या हातात धरून तशीच उभी होती. एवढ्या दिवसांची पाळत पाण्यात जाताना तिला डोळ्यांनी दिसत होती. पण पडलो तरी नाक वर, हा तिचा स्वभाव. ती म्हणाली, "येवढं कढत पानी घातल्यावर कुनाचा बी अंगठा वर जाईल."

गोजरबाईनं कपाळावर हात मारला. डॉक्टरीणबाईंना मात्र राग आला नाही. त्यांनी लंकाकडे नीट पाहिलं. "बरोबर आहे तुमचं. हे मीच करायला हवं होतं. बसा पाटावर."

"मी?"

"तुम्ही निरोगी आहात. दोघी एका घरातल्या, एकच पाणी, एकच अन्न. आजी, तुम्ही घाला पाणी. धाकटीला घालायला लावता तेवढंच कढत."

"थोरलीला? तिला कशाला शेक?" गोजरबाई म्हणाली. सवयीनं बोलली, आणि बोलल्यावर तिनं लंकाकडे बघितलं.

"मला लागतो म्हणून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुसरी बादली आली. लंका पाटावर बसली. चोळी काढताना तिला लाज वाटली, कारण तिची पाठ आजवर अशी कुणी पाहिलीच नव्हती. किल्लीचं टोक तळव्यावरून गेलं आणि तिचे अंगठे खाली वळले. मग पहिला तांब्या मानेखाली पडला.

तिला वाटलं होतं, भाजेल. भाजलं नाही. पाणी मणक्यावरून उतरत कंबरेपाशी पोचलं, जिथं इतक्या वर्षांचा गारठा होता तिथं, आणि तिथं थांबल्यासारखं झालं. दुसरा तांब्या, तिसरा. गोजरबाईचा हात आपोआप तिच्या कंबरेवर आला आणि बाळंतिणीची कंबर दाबतात तसा दाबायला लागला. लंकानं दातांवर दात घट्ट धरले तरी रडू आलं. तोंडावरूनही पाणी जात होतं म्हणून ते कुणाला कळलं नाही, निदान तिला तसं वाटलं.

"किती बोटं?"

"तीन."

किल्ली तळव्यावरून गेली. अंगठा खाली.

"उभ्या राहा. चालून दाखवा." ती उभी राहिली, भिंतीपर्यंत गेली, परत आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं. तुम्हाला काही होत नाही. छबूला इथून पुढं कढत पाणी नाही, शेगडी नाही, दुपारचं ऊन नाही. कधीच नाही. मला जे बघायचं होतं ते बघून झालं."

"पानी हाय की अजून बादलीत," लंका म्हणाली आणि पुन्हा पाटावर बसली. "घाला, आत्याबाई."

गोजरबाईनं तांब्या भरला.

लंकानं डोळे मिटून घेतले. हे माझं होतं, असं ती मनात म्हणत होती, आधी माझं होतं, हिच्या कितीतरी आधी. त्या घडीला तिला छबूची कीव आली नाही, सासूचा रागही आला नाही. फक्त पाणी संपू नये असं वाटत होतं. मग कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटून तिनं डोळे उघडले.

बाकावर छबू बसली होती. अंग निवलं होतं, डोळे पुन्हा दिसायला लागले होते. ती लंकाच्या पाठीवरून निघणाऱ्या वाफेकडे बघत होती, मग पायांकडे, त्या धड, खाली वळणाऱ्या अंगठ्यांकडे. मच्छिंद्र दाराबाहेर उभा होता, पोर त्याच्या खांद्यावर रडत होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आक्का," ती म्हणाली, "तुमाला काईच कसं हुत न्हाई?"

त्या आवाजातलं काय आहे ते लंकाला कुणी सांगायची गरज नव्हती. ती नजर तिची स्वतःची होती. बाजेकडे, मांडीकडे, डिंकाच्या लाडवाकडे ती याच नजरेनं बघत आली होती, आणि त्या नजरेखाली पोटात काय जळत असतं ते या खोलीत दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. कुणीतरी एकदा आपला हेवा करावा, एवढीच तिची जन्माची इच्छा होती. ती पुरी झाली, आणि घटकाभर तिला बरंही वाटलं. खोटं कशाला बोला, खूप बरं वाटलं.

मग ती म्हणाली, "बास करा, आत्याबाई."

बादलीत अजून पाणी होतं. लंकानं पातळ ओढून घेतलं. छबूला दिसेल असा भिंतीला हात लावला, दुसरा हात गुडघ्यावर टेकला, आणि थांबत थांबत, कण्हत, सावकाश उठली. डॉक्टरीणबाईंनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"आमचं बी वय झालं गं छबे," लंका म्हणाली. "धर जरा मला."

छबूनं हात पुढं केला, आणि लंकानं त्यावर मुळीच भार न टाकता तो धरला.